पलंगाचे बोल्ट

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे, उभं राहून आणि चष्मा पुसून कळवण्यात येतं, की स्क्रू आणि बोल्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ज्यांना हे आधीच ठाऊक होतं त्यांनी खुशाल बसून घ्यावं. रांझीच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या माणसाचा मुलगा असूनही मला पन्नाशी उलटेपर्यंत ते ठाऊक नव्हतं.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. दीक्षितपुऱ्याच्या जुन्या घरात आई एकटी. नेपियर टाउनच्या माझ्या फ्लॅटवर यायला ती तयार झाली, पण एका अटीवर: "आमचा पलंग येईल. त्यावर झोप लागली तर राहीन. नाही तर मला परत सोडून दे."

बाबा गेल्यापासून तिला झोप नव्हती आणि मला रडू नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो ना, तसा मी आतून झालो होतो. चिमटा काढला तरी कोणा दुसऱ्यालाच काढल्यासारखा. म्हणून मी पाना हातात घेतला.

पलंग बाबांनी स्वतः जोडलेला. त्यांची कारखान्यातली सवय अशी, की काढलेला नट लगेच त्याच्याच बोल्टवर फिरवून ठेवायचा. मी काय केलं? सगळं खोललं आणि तेराव्याच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात ओतलं. डबा वाजवत, विजयी मुद्रेने, टेम्पोत बसलो.

फ्लॅटवर डबा फरशीवर उपडा केला. मदतीला धाकटी बहीण आली होती. अर्धा तास मी रांगत होतो.

"दादा, काय शोधून राहिला?"

"याचा नट." मी तो नग तिच्यापुढे पुराव्यासारखा धरला.

"अरे, याला टोक आहे! लाकडाचा स्क्रू आहे हा. आपला आपण लाकडात घुसतो. याला नट नसतोच, ब्रह्मचारी आहे."

"तुला कसं माहीत?"

"बाबांना पाने कोण द्यायचं? तू गच्चीवर पतंग उडवायचास."

मग तिने दरबार भरवला. टोकवाले एकीकडे, त्यांनी फळ्या बसतात. बोथट शेपटीचे जाड ते बोल्ट: लाकडाच्या आरपार जातात आणि पलीकडे नट लावल्याशिवाय धरत नाहीत. पायांना खाटेशी बांधून ठेवतात ते हेच. बोथट पण बारीक, ते मशीन स्क्रू. कोपऱ्यांतल्या लोखंडी पट्ट्यांना आधीच आटे पाडलेले होते, त्यांत ते अलगद फिरत गेले. आणि नटाखाली वायसर, म्हणजे भोकाची चकती, हवाच, नाही तर नट लाकूड खातो. आमचे निम्मे वायसर दीक्षितपुऱ्याच्या फरशीवरच राहिले होते.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे धावलो. मी बोल्ट दाखवून "याच्या नटाला हाच बसेल ना?" असं चार-चारदा विचारायला लागलो तसा तो म्हणाला, "भैया, नट ढूँढ रहे हो या लड़के के लिए रिश्ता?" वायसर देता देता त्याने लॉक नटही गळ्यात मारले. आत नायलॉनचं कडं असतं, कितीही हादरे बसले तरी ढिले होत नाहीत. मी सगळ्या बोल्टांना पुरतील एवढे घेतले.

घरी येऊन कसायला बसलो. दात-ओठ खाऊन कसलं. हाताला फोड आला, तोही नीट दुखेना.

"बस कर, दादा. लाकूड रडेल."

"रडू दे. कोणीतरी रडू दे."

ती यावर हसली नाही. मीही नाही. उठून पलंगावर दोन उड्या मारल्या, तर हूं की चूं नाही. मी कमरेतून वाकून अभिवादन केलं.

दुपारी जेवून आई आडवी झाली, भिंतीकडच्या आपल्या जागेवर. बाबांची जागा तिने मोकळी ठेवली होती. आम्ही दोघं विंगेतल्या नटांसारखी दाराआड उभी. आईने कूस बदलली. पुन्हा बदलली. मग उठून बसली.

"गेली झोप," बहीण पुटपुटली. "आता निघते बघ परत."

आईने बाबांच्या जागेवर दोन्ही तळवे टेकले आणि पलंग जोरात हलवून पाहिला. एकदा, दोनदा. मग दाराकडे तोंड करून ओरडली:

"काहून रे, एवढा कसून टाकला? हे कूस बदलायचे तर हा करकरायचा! ढिला कर यांच्या बाजूचा!"