भिंतीवरचं गीत

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका हॉलमध्ये उपासनेला जमते. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप आहे, ते त्या दिवशी बंद असतं. बहुतेक घरं आमच्यासारखीच, बेळगावकडून कामासाठी आलेली. जुन्या बायकांना, माझ्या आईलाही, वाचता येत नाही. म्हणून गीत चालवणारा प्रत्येक ओळ आधी बोलून सांगतो, मग सगळे ती गातात. याला आम्ही ओळ देणं म्हणतो.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पाळकांनी मला एक नवीन गीत चालवायला सांगितलं, तेव्हा आपलं शिक्षण इथे थोडं उपयोगी पडावं असं मला वाटलं. मी प्रोजेक्टर मागून आणला आणि ओळी भिंतीवर दाखवल्या. ओळ दिली नाही. मध्ये मध्ये ओळ बोलल्याने गाणं तुटतं, असं माझं मत होतं.

गीत देवाच्या राज्याचं होतं. समुद्र त्याच्या शब्दाने थांबतो, राजे त्याच्यापुढे मुकुट काढून ठेवतात. तरुण मंडळी जोरात गात होती. दुसऱ्या कडव्याला माझं लक्ष आईकडे गेलं. ती भिंतीकडे बघत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. सगळ्या पृथ्वीने ज्याची स्तुती करावी असं मी गात होते, त्याच्यासमोर माझ्या आईला मीच गप्प बसवलं होतं.

कडवं संपल्यावर मी थांबले.

आईशेजारच्या म्हाताऱ्या अक्का म्हणाल्या, "काय गं, करंट गेला काय?"

"नाही अक्का."

"मग ओळ दे की! ती भिंत बोलतीया होय आमच्याशी?"

मागे कुणीतरी हसलं. आईने मान खाली घातली. माझी फजिती झाली असं तिला वाटलं असावं.

मी पहिल्या कडव्यापासून परत सुरुवात केली. ओळ बोलले. मग सगळे गायले, आईसुद्धा, नेहमीसारखी सुराच्या थोडी वर. गाणं दर ओळीला थांबत होतं. ते मला तेव्हाही खटकलं, खोटं कशाला सांगू.

शेवटचं कडवं झालं आणि लोक बसू लागले. आई उभीच राहिली.

"तेवढं परत घे," ती म्हणाली. मंडळीत ती मोठ्याने कधी बोलत नाही.

मी परत ओळ दिली.