सोनेरी शाईतला बोकड

"लांबून बघा सर, लांबून," म्हणत तो स्वतःच मागे सरकायचा आणि पाठ भिंतीला आपटली की थांबायचा. छापखाना होताच तेवढा. पुढे छपाईचं ट्रेडल मशीन, बाजूला कागद कापायचं मशीन, कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकलेला कॉम्प्युटर, आणि उरलेल्या जागेत त्याचे थोरले भाऊ, आबा. त्यामुळे एखादी पत्रिका खरोखर लांबून बघायची तर तो ती दाराला टाचायचा, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर जाऊन एक डोळा मिटून उभा राहायचा. नवख्या माणसाला वाटे, हा आपल्याच छापखान्याला डोळा मारतोय की काय!

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल, हातातल्या कामापेक्षा पलीकडे बघणारा. आमचा हा अमळनेरचा. अख्ख्या तालुक्याच्या लग्नपत्रिका छापता छापता स्वतःचं लग्न राहून गेलेला. आईवडील लवकर गेले. आबांनी आणि वहिनींनीच त्याला वाढवलं. मी तिथे हायस्कूलात मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी त्यांच्या पत्रिकांची प्रुफं तपासायचो. 'चि. सौ. कां.'मधलं एक टिंब राहिलं तरी मला रात्री झोप यायची नाही. माझ्या विद्वत्तेची धाव एवढीच.

कॉम्प्युटर आला तो अक्षरजुळणीसाठी. पण लगीनसराई संपली की छापखान्यात माशा उडायच्या, आणि त्या दिवसांत त्याने पुस्तकं आणून, खटपट करून चक्क एक गेम तयार केला. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या खेटून उभ्या आहेत आणि त्यांच्यात एक बोकड अडकलाय. गाड्या हलतात, वाटा बंद होतात. बोकडाला फाटकाबाहेर काढायचं. मीही खेळलो. माझा बोकड पहिल्याच वळणावर दोन गाड्यांमध्ये चेंगरला.

"सर, तुम्ही घाबरून थांबता," तो म्हणाला. "थांबलं की वाट बंद होते."

तो फ्लॉपी घेऊन नाशिकला एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. दुकानदाराला गेम पसंत पडला. तो म्हणाला, नुसती फ्लॉपी कोण हातात घेईल? वर चांगलं कव्हर करून आणा, काउंटरला लावतो. खपला तर इथेच या, असले आणखी गेम करा, माझ्याकडे एक खुर्ची रिकामी आहे.

परत आल्यावर ही हकिगत त्याने मला बाजारातून घरी जाताना सांगितली. हातात वहिनींनी सांगितलेली मेथी होती. "ज्या मशीनवर माझ्या बारशाची पत्रिका छापली, त्याच मशीनवर मी रोज उभा असतो," तो म्हणाला. "मला इथून निघायचंय, सर. एवढं कव्हर जमलं की निघालो."

मग तो कव्हराच्या मागे लागला. दुकानातल्या वस्तूचं कव्हर म्हणजे पत्रिका नव्हे, हे त्यानेच मला समजावलं. "पत्रिका ज्याच्या हातात देतो तो वाचतोच, त्याला जेवायला जायचं असतं. काउंटरवरचं कव्हर कुणी वाचत नाही. एकच गोष्ट दाखवायची. दोन दाखवल्या की डोळा गोंधळतो आणि माणूस पुढे निघून जातो."

त्याने काळ्या कागदावर एक पांढरा बोकड काढला. मान मागे वळलेली, एक डोळा मोठा, गळ्यात तुटलेला दोर. बस्स. अक्षरं कमीत कमी, तीही खालच्या कोपऱ्यात. मग ते दाराला टाचून तो शिंप्याच्या ओट्यावर उभा राहिला आणि जाणाऱ्या सायकलवाल्यांना हाका मारू लागला, "ओ भाऊ, काय दिसलं?"

एक जण न उतरताच ओरडला, "बोकड! पन तो कसाले पळी राह्यना?"

"जमलं!" तो रस्त्यातच टाळी वाजवत म्हणाला. "कशाला पळतोय, विचारलं त्याने. ज्याने विचारलं तो उचलून बघणार."

आबा मात्र कव्हर बघून गंभीर झाले. "काळं? काळं आपण गंधमुक्तीना कार्डले वापरतस. मन्हा भाऊना पहिला माल काळा कागदमा जाई?" आमच्याकडे दहाव्या-बाराव्याच्या विधीला गंधमुक्ती म्हणतात, आणि त्याचं कार्ड काळ्या शाईत निघतं. तो हसला. "आबा, तो बोकडाचा खेळ आहे," म्हणाला, आणि दुकानदाराला नमुना दाखवून कोऱ्या फ्लॉप्या आणायला नाशिकला गेला.

तो गेला त्या दिवशी आबांनी कपाटातला भारी कागद काढला. एखाद्या श्रीमंताच्या घरचं लग्न असलं तरच तो निघे. लाल कागद, सोनेरी शाई. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मध्ये बोकड, तोही सोनेरी, गळ्यात दोराऐवजी हार. खाली घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांची नावं. प्रुफं माझ्याकडे आली. मी ती तपासली आणि शुद्धलेखनाच्या दृष्टीने कव्हर निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला.

तो परतला तेव्हा कव्हरांचे गठ्ठे रचून तयार होते. पहिल्या कव्हराच्या चारही कोपऱ्यांना आबांनी हळद लावली होती.

"देख," आबा म्हणाले, "बठ्ठासना नाव टाकेल शेतस. गावले समजाले पायजे, मन्हा भाऊनी काय करं." त्यांचे डोळे भरले होते. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही मी ते भरलेले पाहिले नव्हते.

त्याने कव्हर हातात घेतलं. या वेळी तो मागे सरकला नाही. "छान झालंय, आबा," म्हणाला.

नाशिकच्या काउंटरवर ते लागलं आणि जे व्हायचं तेच झालं. गिऱ्हाइकं विचारायची, लग्न कुणाचं? एकाने उघडून मुहूर्त शोधला आणि फ्लॉपी निघाली तेव्हा आहेर समजून परत ठेवली. दुकानदार हसून त्याला म्हणाला, "तो काळ्या कागदावरचा बोकड आणा हो."

पण तो बोकड छापणार कुठे? आबांच्या मशीनवर, त्यांच्या डोळ्यांदेखत, ते शक्य नव्हतं. मी म्हटलं, धुळ्याला छापून घे, कोण सांगायला बसलंय? तो म्हणाला, "सांगायला कुणी नको, सर. पण आबा विचारतील, माझ्या छपाईत काय खोट निघाली? तेव्हा मी काय बोलू?"

आबांनी वेगळंच विचारलं. "काय म्हनस तो नाशिकवाला?"

आणि हा गडी, आयुष्यात कधी खोटं न बोललेला, एकदम बोलून गेला, "खपी गयं बठ्ठं, आबा. आखो मांगस."

बठ्ठं म्हणजे सगळं, आखो म्हणजे आणखी. आबांनी गावात पेढे वाटले आणि दुप्पट कव्हरं छापली.

तेव्हापासून तो अधूनमधून गठ्ठा घेऊन नाशिकला जायचा आणि रिकाम्या हाताने यायचा. काही गठ्ठे दुकानदाराच्या माळ्यावर पडले, काही मागच्या दाराने माझ्या घरी आले. आमच्या मांडणीच्या फळ्यांवर सोनेरी बोकड अंथरले गेले. माझ्या मुलीच्या पुस्तकांना आतून गणपती आणि बाहेरून कोरी बाजू अशी कव्हरं चढली. आमच्या हिची तक्रार एकच होती, की डबे उचलताना बोकड टक लावून बघतो.

दुकानदार मात्र भला माणूस निघाला. म्हणाला, कव्हर राहू द्या, तुम्हीच या. खुर्ची अजून रिकामी आहे, पण फार दिवस ठेवता येणार नाही.

त्याने धीर करून आबांपुढे विषय काढला. मी प्रुफांत तोंड खुपसून बसलो होतो. आबा मनापासून हसले. "आठून खपस ना बठ्ठं? मंग घर कसाले सोडानं?"

खपत नाही म्हणावं तर सोनेरी शाई आडवी येत होती, आणि इथूनच सगळं खपतंय म्हटलं तर घर सोडायला कारणच उरत नव्हतं. तो शाईचा डबा ढवळत राहिला.

शेवटी त्याने ठरवलं, सांगायचंच नाही. गठ्ठा घेऊन नेहमीसारखं निघायचं आणि तिथून पत्र टाकायचं. हे फक्त मला माहीत होतं. त्या सकाळी मी स्टँडवर गेलो, तर आबाही हजर, गठ्ठा स्वतःच्या खांद्यावर घेऊन. त्यांनी तो गाडीत चढवला आणि कंडक्टरला बजावलं, "मन्हा भाऊना माल शे, जपीसन ठेव रे भो." मग पिशवीतून दशम्या बांधलेली दोन फडकी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "हाई जातांना खाय. हाई येतांना."

गाडी सुटली. मी घरी येऊन हिला म्हटलं, "सुटला बिचारा." दिवसभर वर्गात मी मुलांवर उगाच खेकसत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छापखान्यात गेलो, तर ट्रेडलवर तोच उभा.

"खुर्ची?" मी हळूच विचारलं.

"बसलो होतो की. चांगली आहे, सर. गोल फिरते."

"मग?"

त्याने चिंधीला हात पुसले. "दुपारी भूक लागली. जातानाच्या दशम्या धुळ्यालाच संपल्या होत्या. पिशवीत दुसरं फडकं होतं." त्याने चिंधी मशीनवर टाकली. "त्या येतानाच्या होत्या, सर. तिथे बसून कशा खाणार?"

"मग खाल्ल्यास कुठे?"

"गाडीत. मालेगाव सुटल्यावर."

तेवढ्यात आबांनी आतून हाक मारली. नाशिकचं पुढचं पार्सल बांधायचं होतं. तो गठ्ठ्यापाशी जाऊन बसला. आबांनी सुतळीचे दोन वेढे घेतले, गाठ अर्धी मारली आणि म्हणाले, "बोट ठेव."

त्याने गाठीवर बोट ठेवलं. आबांनी सुतळी ओढली.