भावाची गाडी, डबऱ्याचा रस्ता

माझ्या भावाची मोटरसायकल आम्ही पोलीस ठाण्यातून सोडवून आणली, तेव्हा ती जवळजवळ धड होती. हेडलाइट फुटलेला, हँडल वाकलेलं, टाकीवर एक खोल पोचा. बस. ठाण्याच्या मागच्या अंगणात अपघातातल्या गाड्या एकमेकींवर रचलेल्या होत्या, त्यांच्या चाकांतून गवत वर आलं होतं, आणि त्या सगळ्या गंजात ती एकटीच अजून चमकत होती. ठाण्यातल्या कारकुनानं, मुंशीनं, कागदावर बाबांची सही घेतली आणि म्हणाला, "चाचा, गाड़ी तो बच गई आपकी."

बाबांनी मान हलवली. त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

भाऊ माझ्यापेक्षा लहान. पंपांच्या एका कंपनीत विक्रीचं काम करायचा, झाशी, दतिया, शिवपुरी असा सगळा इलाका त्याच्याकडे. साडेतीनशे सीसीची ती गाडी त्यानं नोकरी पक्की झाल्यावर घेतली. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या आमच्या गल्लीत ती शिरली की तिचा आवाज आधी यायचा आणि आई पोळीचा तवा चढवायची. आमचे कुणी पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर घोड्यावरून इकडे आले म्हणतात. त्यावर हा म्हणायचा, "खानदान घोड्यावर आलं, पुढची पिढी स्कूटीवर जाईल का, बाबा? कुछ तो इज्जत रखो."

त्या संध्याकाळी त्यानं डबऱ्याहून मला फोन केला होता. मे महिना, उजेड नुकताच जात होता. "ताई, टेन्शन मत ले, जेवायला घरीच येतो. आईला सांग, आमरस उरव." डबरा सोडल्यावर, टेकनपूर यायच्या आधी, गिट्टीनं, म्हणजे खडीनं, भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यावर उभी होती. मागे दिवा नाही, दगड नाही, लोक निदान झाडाची फांदी तरी ठेवतात, तीही नाही. हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं. मार छातीला बसला. ट्रॅक्टरवाला पळून गेला; पुढे कोर्टात केस झाली.

हॉस्पिटलात बाबा आधी पोहोचले. आम्ही गेलो तेव्हा ते दारातच उभे होते आणि त्यांनी आईला सांगितलं, "जागीच गेला. त्याला कळलंसुद्धा नाही." त्यानंतर तेरा दिवस जो येईल त्याला ते हेच सांगत राहिले आणि येणारे लोक जाताना तेच आईला सांगून जायचे. जागीच गेला, सुटला.

गाडी बाबांनी दुरुस्त करून घेतली. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "गाडीचा काय दोष." पण त्यांच्या गुडघ्यांत आता तिला पेलायचं बळ नव्हतं. ती अंगणात जुन्या चादरीखाली उभी असायची. बॅटरी उतरू नये म्हणून ते दर रविवारी चादर काढून ती चालू करायचे आणि बाजूला स्टुलावर बसून तिचा आवाज ऐकायचे. त्या वेळी आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि वाटायला काही नसलं तरी मिक्सर चालू करायची. दोन भिंतींमधले ते दोन आवाज ऐकत मी पलंगावर पडून राहायचे.

मी डबऱ्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासायची. बस कधी यायची, कधी भरून निघून जायची, रेल्वेचा तर भरवसाच नाही. त्याच पावसाळ्यात मी सतत उशिरा पोहोचत राहिले, साहेबांची बोलणी खाल्ली, आणि एका सकाळी ती चादर काढली. गाडी चालवायला भावानंच शिकवलं होतं, जत्रा उठल्यावर मेळ्याच्या रिकाम्या मैदानात. तिथे चालवणं वेगळं आणि शहरात वेगळं.

पहिल्याच आठवड्यात दाल बाजारात मी पडले. बाबांसाठी तूरडाळ आणायला गेले होते. समोरून हातगाडी, बाजूला पोती उतरवणारे हमाल, मागे ऑटो भोंगा वाजवतोय. मी पाय टेकला तो धान्याच्या सालपटांवर, आणि गाडी हळूहळू, अगदी सावकाश, एका बाजूला गेली. ते वजन एकदा कललं की कुणाच्या बापाला आवरत नाही. दोन हमालांनी ती उचलून दिली. एक म्हणाला, "दीदी, इत्ती भारी गाड़ी काहे को?" काय सांगणार. उन्हाळ्यात ती चौकात उभी राहिली की इंजिनाची धग पोटरीला लागते, सलवारीतून कातडी भाजते. क्लचनं डावा हात रात्री सुजल्यासारखा दुखायचा. सिग्नलला पोरं शेजारी येऊन मुद्दाम रेस द्यायची, मला बघायची, मग गाडीला, मग पुन्हा मला.

हायवेवर मात्र ती शहाणी व्हायची. वेगात आली की वजन जाणवत नसे. मुश्किल दुसरीच होती. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली की माझे हात गार पडायचे. ओव्हरटेक करायला जमायचं नाही. मी तिच्या मागे मागे, धूळ खात, चालत राहायचे आणि मागचे ट्रकवाले शिव्या घालत पुढे जायचे. भाऊ नेमका कुठे पडला ते मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं. तेवढ्या पट्ट्यात मी इकडे तिकडे बघायचेच नाही, सरळ पुढे.

आई या गाडीबद्दल एक शब्द बोलली नाही. सकाळी मी निघताना ती मला डबा आतूनच द्यायची, फाटकापर्यंत यायची नाही. संध्याकाळी मी आले की मात्र ती खिडकीत असायची आणि मला दिसू नये म्हणून चटकन मागे सरायची. तिला मी रोज काय करायला लावत होते, हे मला समजत होतं. तरी मी गाडी सोडली नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

वर्षश्राद्धाला जवळची माणसं आली होती. जेवताना एका मावशीनं पुन्हा तेच म्हटलं, "एक बरं, जागीच गेला." आई वाढत होती. तिच्या हातातला भाताचा चमचा तसाच वर राहिला, मग तिनं पुढच्या पानावर भात घातला.

दुसऱ्या दिवशी बाबा त्यांच्या एका मित्राकडे मुरारला गेले होते. आई बाहेर अंगणात, मी गाडी पुसत होते तिथे आली. पायांत चपला होत्या.

"मला तिथे घेऊन चल."

"कुठे?"

"तुला रोज रस्त्यात लागतं ना, तिथे."

"आई, तिथे काय आहे बघायला? कार करते कुणाची तरी."

"ह्याच्यावरच ने," ती म्हणाली आणि पहिल्यांदा गाडीच्या सीटला हात लावला. मग म्हणाली, "लोक इतक्या वेळा एकच गोष्ट सांगतात ना, तेव्हा ती खरी नसते."

भावाचं हेल्मेट मी वापरायचे. तिच्यासाठी शेजाऱ्यांकडून एक मागून आणलं. ते तिला मोठं होत होतं. ती एका बाजूला पाय सोडून बसली, पदर घट्ट खोचला, आणि एका हातानं माझा खांदा धरला. झाशी रोडला लागेपर्यंत तिनं तो हात जरासुद्धा सैल केला नाही. मी तेव्हा जितकी सावकाश चालवली तितकी कधीच चालवली नाही. प्रत्येक स्पीड ब्रेकरआधी ओरडून सांगायचे, "आई, धर!"

जागा नक्की कोणती ते आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. टेकनपूर मागे टाकल्यावर मी चहाच्या एका टपरीवर विचारलं. त्यानं पुढे बोट दाखवलं, "वो पंचर की दुकान है न, उसी के सामने."

एक पत्र्याचं छप्पर, टायरांची उतरंड, खाली फाटकी चटई. पंक्चरवाला पन्नाशीचा असेल. आमची गाडी बघून तो उठला. आधी त्याला वाटलं गिऱ्हाईक. मग त्यानं टाकीकडे बघितलं. पोचा आम्ही काढून घेतला होता, पण रंग तोच होता.

"भैया," आई म्हणाली, "मैं उसकी माँ हूँ."

त्यानं आतून एक खुर्ची आणली, हातानं पुसली आणि आईपुढे ठेवली. आई बसली नाही.

"आप थे उस दिन?"

"पुलिस को तो बोल दिया था कि दुकान बंद थी," तो म्हणाला. मग त्यानं रस्त्याकडे बघितलं. "था, माताजी. उसी ट्रॉली का पहिया खोल रहा था."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. आईनं फक्त विचारलं, "उसने कुछ कहा?"

"पानी माँगा. मैंने मटके से पिलाया. दो घूँट ही पी पाए."

"और?"

"बोले, भैया, गाड़ी बंद कर दो. इंजन चालू था, गिरी पड़ी थी, पहिया घूम रहा था. मैंने चाबी घुमा दी."

आईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ती कोसळते आहे. पण ती हसली होती. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "जन्मभर पंखा बंद केला नाही गं त्यानं खोलीतून बाहेर पडताना. गीझर चालू, दिवे चालू. बाबांनी किती डोकं फोडलं." आणि मग ती त्या खुर्चीत बसली आणि रडली. वर्षभरात ती अशी रडली नव्हती, निदान माझ्यासमोर नाही.

तो माणूस पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. तिनं तो घेतला, सगळा प्यायली. रिकामा ग्लास परत देताना ती म्हणाली, "उठाया क्यों नहीं?"

त्यानं ग्लास माठावर उपडा ठेवला.

"गाड़ियाँ तो जा रही होंगी. किसी में डाल देते. ग्वालियर कितना दूर है?"

"रोकी थीं," तो म्हणाला. "एक-दो रुकीं भी. खून देख के चली गईं. और मैं... माताजी, पहिया मेरे हाथ में था. सोचा मुझे ही धर लेंगे. बच्चे छोटे हैं. एम्बुलेंस को फोन कर दिया था मैंने. आने में बहुत देर लगाई."

"कोर्टात सांगशील का हे?" मी विचारलं, आणि तो मराठी समजत नाही हे लक्षात येऊन हिंदीत पुन्हा विचारलं. त्यानं हात जोडले. ते हो होतं की नाही, ते त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलंच. नंतर मी वकिलांना हे सांगितलं, तेव्हा तेही म्हणाले, असले साक्षीदार उभे राहत नाहीत, राहिले तर फिरतात.

परत येताना आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची सळई धरून बसली होती. मी दोनदा मागे वळून बघितलं, ती आहे ना म्हणून.

बाबा घरी आले होते, जेवायला थांबले होते. आईनं हात-पाय धुतले, ताट वाढलं, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. त्यांना समजलं.

"अँब्युलन्सवाल्यानं सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्यानं उचललं तेव्हा श्वास होता."

"आणि तुम्ही वर्षभर गावाला सांगत सुटलात, जागीच गेला, जागीच गेला."

"मग काय सांगू तुला?" बाबांचा आवाज चढला. ते कधी आवाज चढवत नाहीत. "की तापल्या डांबरावर पडून राहिला? की एकटा होता, एक माणूस जवळ नव्हता त्याच्या?"

"होता," आई म्हणाली. "एक होता. पाणी दिलं त्यानं."

बाबांचा हात ताटावरच थांबला.

"कुणी?"

"तिथला पंक्चरवाला. पाणी मागितलं ह्यानं. दोन घोट प्यायला."

"पाणी प्यायला?"

"हो."

बाबांनी एखाद्या लहान मुलासारखं विचारलं, "गार होतं का? मे महिना होता."

"माठातलं होतं. मी आज प्यायले. गार होतं."

ते न जेवताच उठले आणि मोरीत जाऊन हात धूत राहिले. नळ वाहत होता. आईनं त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं.

त्यानंतर घरात सगळं निवळलं असं झालं नाही. आई बाबांशी कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होती. श्राद्धाला आलेल्या मावशीचा फोन आला की ती घेत नसे. पंक्चरवाल्यालाही तिनं माफ केलेलं नाही. मध्येच पोळ्या लाटताना, काही विषय नसताना, ती म्हणते, "पाणी दिलं ते दिलं. पण उचलायला हवं होतं." आणि थोड्या वेळानं, "त्याची तरी पोरं लहान होती म्हणा."

फाटकापर्यंत मात्र ती आता येते. हेल्मेटचा पट्टा ओढून बघते.

ट्रॉलीच्या मागे माझे हात अजून गार पडतात. त्या दुकानावरून मी रोज सकाळ-संध्याकाळ जाते. लांबूनच आवाज ओळखून तो माणूस मान वर करतो आणि हात उचलतो. कधी मीही उचलते. कधी माझे दोन्ही हात हँडलवरच राहतात.