फोटोत पुसलेले चट्टे

माझा मित्र सव्वीस वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या मते त्याच्या रक्तवाहिन्या साठीच्या आहेत. मी अजून सावरलेलो नाही. तो सावरला, कारण त्याला दुकान उघडायचं होतं.

आम्ही त्याला टचिंग म्हणतो. त्यांचा पिढीजात फोटो स्टुडिओ आहे. माणूस कसाही आत येवो, फोटोत गुळगुळीत होऊनच बाहेर पडतो. मुरूम, व्रण, सुरकुत्या, सगळं जातं. आजोबा बारीक ब्रशने काढायचे, वडीलही तसेच. टचिंग माउसने काढतो. आजोबा, काका, वडील तिघेही चाळिशी गाठायच्या आत गेले.

त्यांच्याच घरात राहणाऱ्या त्याच्या आत्याला याचा अभिमान आहे. "आमच्या घरातल्या पुरुषांनी कधी अंथरूण धरलं नाही," ती आल्यागेल्याला सांगते. "चालते-बोलते गेले. कुणाकडे घोटभर पाणी मागितलं नाही." ऐकणारे माना डोलावतात. असं मरण यायला भाग्य लागतं, म्हणतात. म्हणणारे सगळे सत्तरीच्या पुढचे असतात.

परवा एक डॉक्टरबाई पासपोर्टचा फोटो काढायला आल्या. टचिंग म्हणाला, "हनुवटी जरा खाली." त्या त्याच्याच तोंडाकडे बघत होत्या.

"पापण्यांवर हे पिवळे चट्टे कधीपासून आहेत?"

"बरेच दिवस झाले. तुमच्या फोटोत येणार नाहीत."

"मोजा काढा. टाच बघू."

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत टचिंगने मोजा काढला. टाचेच्या वर, मागच्या बाजूला, शीर दोरखंडासारखी जाड झाली होती.

"दिवसभर उभं राहून झालंय," तो म्हणाला.

"घरात आणखी कुणाला होतं?"

त्याने भिंतीकडे हात केला. तिथे तिघांचे मोठे फोटो. तिघांच्या पापण्या लख्ख.

"बघा, कुणालाच नाही."

"हे असतात कुठे?"

"गेले. अचानक."

बाईंनी तिन्ही फोटो जवळ जाऊन पाहिले. मग म्हणाल्या, "उद्याच रक्त तपासा. भावंडं असतील तर त्यांचंही."

जेवताना त्याने ही गंमत म्हणून सांगितली. मीही पानावर होतो.

"त्यात नवल काय?" आत्या म्हणाली. "तुझ्या काकाला होतेच की तसे. आजोबांचे तर तुझ्या बापाने ब्रशने काढले, फोटो मोठा करताना. घराण्याची खूणच ती."

टचिंगचा घास हातातच राहिला. "आणि बाबांचे?"

"ते तू काढलेस. शाळेत होतास. इतके सफाईने काढलेस, सगळ्यांनी कौतुक केलं."

रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल नको तितकं. खाण्यापिण्याने नव्हे, बापाकडून आलेलं. पापण्यांवर आणि टाचेवर साठलेलंही तेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, वय हाताशी आहे, गोळ्या आजपासून घ्या. धाकट्या बहिणीलाही आणा.

इथे आत्या आडवी आली. "तिच्या डोळ्यांवर काही आहे का? नाही ना? मग मुलीच्या जातीला कशाला हे चिकटवता? उद्या लग्न कोण करेल तिच्याशी?"

"चट्टे नसले तरी असू शकतं, आत्या," टचिंग म्हणाला.

"तुला काय कळतंय? तू फोटो काढ."

बहीण कॉलेजची बॅग भरत होती. म्हणाली, "आत्या, लग्न मोडलं तर दुसरं जमेल. मी चालले रक्त द्यायला." आणि भावाच्या स्कूटरवर बसून गेली.

तिलाही निघालं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. बहिणीने पहिली गोळी पाण्याबरोबर घेतली. भावाने स्वतःची घेतली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, ही जन्मभराची.

"जन्मभर?" आत्या म्हणाली. "म्हणजे तुम्ही ऐंशी-ऐंशी वर्षं जगणार की काय?"

"तसा विचार आहे," बहीण म्हणाली.

"आणि तुमची म्हातारपणं काढायची कुणी?"

ती खरंच चिडली होती. त्या घरात पुरुषाच्या म्हातारपणाची काळजी कुणी केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.