कावळा न शिवलेली पोर

"हिमॅटोकॉल्पॉस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आमचे अण्णा बाकावर धपकन बसले. एवढा लांब शब्द म्हणजे पोरगी हातची गेली, असा त्यांचा हिशेब.

अर्थ साधा होता. मला पाळी येत होती, पण बाहेरची वाट जन्मापासून एका पातळ पडद्यानं बंद होती. रक्त आतच साठत होतं. एवढं कळायला आम्हाला एक कावळा आडवा आला, म्हणून हे लिहिते. घरात वयात येणारी मुलगी असेल त्यांनी वाचावं.

फाळणीला चारपाच वर्षं झाली असतील. आम्ही बदलापूरला राहायचो. अण्णा अंबरनाथच्या कारखान्यात होते. ते अंगणात शिंकले की भोंगा झाला समजून कामगार डबे उघडत. आईचा आवाज मात्र चुलीपलीकडे जात नसे.

मी पंधरा वर्षांची. दर महिन्याला पोट असं दुखे की दाताखाली पाटा दिला असता तर त्याचा भुगा झाला असता. मग आपोआप थांबे. हळूहळू ओटीपोट फुगलं. विहिरीवर एकीनं आईला विचारलं, "काय गं, पाळणा कुठनं आणणार?"

आईनं मला उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात नेलं. तिथे कराचीहून आलेल्या सिंधी डॉक्टरीणबाई होत्या. आई त्यांच्या कानाशी पुटपुटली, "हिला अजून कावळा शिवला नाही."

बाईंना हा पाळीचा कावळा कळेना. आडोशामागच्या मराठी कंपाउंडरनं लाजत लाजत शब्दाला शब्द लावून दिला: कौवेने छुआ नहीं.

"तो अच्छा है ना," बाई म्हणाल्या. "कौआ गंदा होता है."

जंताचं औषध मिळालं. बाटली उघडताच आळीतले झाडून सगळे जंत कर्जतला पळाले. माझं पोट जागच्या जागी.

पुढे एका सकाळी मला लघवीच होईना. अण्णांनी उचलून पुन्हा तिथेच नेलं, आई मागोमाग. दवाखाना माणसांनी भरलेला. बाईंनी विचारलं, क्या तकलीफ है? अण्णांनी तोंड उघडलं आणि तो गाव हलवणारा आवाज फुटेचना. ते छताचे पत्रे मोजत राहिले. आईच्या ओठावर पुन्हा कावळा आलेला मला दिसला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला.

"पाळी," ती म्हणाली. "मेरी पोरगी को महिने का खून नहीं आता. पोट हर महिने दुखता. और उसने काही वाकडं नहीं किया."

शहाडपर्यंत ऐकू गेलं असेल. डॉक्टरीणबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. तपासल्यावरच तो लांबलचक शब्द आला.

त्याच दिवशी इस्पितळात एक छोटासा छेद दिला. काकवीसारखं काळं रक्त निघालं. मी घागरभर सांगते, आई तांब्याभर म्हणते. आईचं खरं धरा. दुखणं तिथल्या तिथे थांबलं. बाईंनी आईला बजावलं, "बच्ची बिलकुल ठीक है. शादी, बच्चे, सब होगा."

पुढच्या महिन्यात पाळी रीतसर आली. आईनं मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं, धाकट्या बहिणीलाही शेजारी बसवून घेतलं. मग कळशी उचलून ती विहिरीवर गेली आणि पाळण्याची चौकशी करणारीला जे झालं ते नावानिशी ऐकवलं. आठवड्याभरात तीच बाई आपली लेक घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली. मग दुसरी. मग तिसरी.

तुम्हीही मुलीशी 'पाळी' याच शब्दानं बोला. आमच्या आळीतले कावळे तेव्हापासून बेकार आहेत.