सासूबाईंच्या खोलीतला रेडिएटर

जबलपुरात राहून बर्फवृष्टीची तयारी करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझा थोरला साडू होता. जबलपूरला थंडी पडते, नाही असं नाही. नर्मदेवरून येणारा वारा कान कापतो. पण संक्रांतीचा तीळगूळ संपेपर्यंत तीही संपत येते, आणि तिच्यासाठी आम्ही सगळे एक रजई, एक स्वेटर आणि अंगणातलं ऊन एवढाच बंदोबस्त करायचो. साडूभाऊंनी तिच्यासाठी अख्ख्या घरातून नळ फिरवले.

त्याचं असं झालं, की कारखान्यानं त्यांना काही महिने परदेशी शिकायला पाठवलं. त्या काळी तिकडून येणारा माणूस घड्याळ आणायचा, ट्रान्झिस्टर आणायचा, निदान साबणाच्या वड्या तरी. हे रिकाम्या हातांनी उतरले आणि स्टेशनवरच मला म्हणाले, "राजे, बाहेर बर्फ पडून राहिला होता, अन् मी घरात बनियनवर! भिंतीला एक लोखंडी पेटी, रेडिएटर म्हणतात तिला, तिच्यात गरम पाणी फिरते. ना धूर, ना राख. आपल्याकडे काहून नाही?" काहून नाही ते मी सांगू लागलो, तोवर ते रिक्षावाल्याला त्या पेटीची उंची हातानं दाखवत होते.

अधारतालच्या त्यांच्या घरी न्हाणीबाहेर तांब्याचा मोठा बंब होता. त्यालाच त्यांनी नळ जोडले. गरम पाणी आपोआप वर चढतं, निवलं की आपोआप खाली उतरतं, त्याला कोणी ढकलावं लागत नाही, हे ते इतक्या कौतुकानं सांगत, की पाण्याला त्यांनीच वळण लावलं असावं असं वाटे. पहिले रेडिएटर त्यांनी भंगारातून आणले, ट्रकचे. कबाडी म्हणाला, "बाबूजी, ये तो इंजन ठंडा करने का है. घर में कौन सा इंजन रखा है?" साडूभाऊ म्हणाले, "भैया, इंजन ठंडा होता है, तो उसकी गरमी जाती कहाँ है?" तो कबाडी बहुधा अजून विचारात असेल. ते ट्रकचे रेडिएटर आठवडाभर गळले, मग साडूभाऊंनी जाड नळ्या जोडून स्वतःचे बनवून घेतले. आधी बैठकीत एक, मग माजघरात एक, मग कोणी पाहुणा नुसता शिंकला तरी त्या कोपऱ्यात एक. बंब मात्र एकच. त्यामुळे एक रेडिएटर वाढला की बाकीचे सगळे थोडे थोडे रुसायचे.

त्यातून आंघोळीचं पाणीही त्याच बंबातलं. मी मुक्कामाला असलो की न्हाणीच्या दारावर थाप पडे. "राजे, आवरा! तिकडं बैठक थंडी पडून राहिली!" नळ्यांत हवा अडकली की रेडिएटर खालून गरम आणि वरून गार राहतो, म्हणून हवा सोडायची एक छोटी किल्ली ते पायजम्याच्या नाडीला बांधून हिंडत. रोज सकाळी एका हातात किल्ली, दुसऱ्यात पितळी वाटी, आणि कान रेडिएटरला. आत फुस्स झालं, की चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही तान्ह्या बाळाला ढेकर आला. वेल्डिंगवाला एका वर्षी मे महिन्यातच मोकळा होता, तर ह्यांनी चाचणी मे महिन्यात घेतली. आम्ही जावई-मेहुणे ओळीनं बसलो होतो, घाम कोपरांवरून गळत होता. शेवटी अक्का, माझी मोठी मेहुणी, पदरानं वारा घेत म्हणाली, "अहो, पाहुणे शिजून राहिले. आता वाढू का त्यांना?"

हे सगळे किस्से माझेच. म्हणजे घडले त्यांच्या घरी, पण लग्नामुंजीत रंगवून सांगितले मी. आणि प्रत्येक वेळी शेवट तोच, की सगळं घर तापवलं, पण ज्यांच्यासाठी तापवलं त्यांचीच खोली थंड राहिली.

कारण खरी गोष्ट सासूबाईंची होती. नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही नोकरीपायी मध्य प्रदेशात राहिलो, आणि सासरे गेल्यावर सासूबाई नागपूर सोडून थोरल्या लेकीकडे आल्या. नागपूरच्या उन्हात मुरलेली हाडं. जबलपूरच्या पहिल्याच हिवाळ्यात गुडघे धरले. जिना उतरताना त्या कण्हल्या, की साडूभाऊंचा घास हातात राहायचा. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, नळाच्या अगदी शेवटाला. तिथला रेडिएटर त्यांनी किती वेळा बदलला असेल! आधी लहान होता, मग मोठा, मग दुपदरी. खिडकीखालून काढून पलंगाशी आणला. काळा रंग दिला की उष्णता जास्त सुटते म्हणून काळा केला, तर सासूबाई म्हणाल्या, "खोलीत म्हैस आणून बांधली." रोज सकाळी हे दारात उभे राहून विचारत, "आई, आज?" आणि त्या रजईतून सांगत, "थंडच."

साडूभाऊ रेडिएटरला हात लावून पाहत, मग मला बाहेर येऊन म्हणत, "हात म्हणतो गरम आहे, आई म्हणतात थंड आहे. गुडघे त्यांचे, तेव्हा त्यांचंच खरं. कुठंतरी माझी चूक होऊन राहिली."

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. एका रविवारी मी नेपियर टाउनातल्या आमच्या घरून स्कूटरनं गेलो होतो. सासूबाईंच्या पलंगावर टेकलो, तर पाय कशाला तरी लागला. रेडिएटरला चिकटून, जुन्या शालीत गुंडाळलेलं पातेलं. शाल सारली, तर आत दही. कवडीसारखं घट्ट. त्या हिवाळ्यात आमच्या घरी विरजण गव्हाच्या डब्यात पुरून ठेवलं तरी दूध दूधच राहत होतं.

"कोणाला बोलू नका, बापू," सासूबाई हळूच म्हणाल्या. "एकदा बरं आहे म्हटलं, की थोरल्या जावयांना हुरूप येईल, घरभर आणखी चार लावतील." मग वाटीत दही घालून, वर साखर पेरून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "गुडघ्याला लई आराम आहे. मुलगा नागपूरला बोलावून राहिला, पण ही खोली सोडून कुठं जाऊ?"

आम्ही दोघं खूप हसलो. मी धाकटा जावई, आणि ते हसू आमच्या दोघांचंच होतं. पुढं कितीतरी रविवारी मी ते दही खाल्लं आणि मिशा पुसून जिना उतरलो. सासूबाईंचं मी समजू शकतो. त्या चार रेडिएटरांपासून घर वाचवत होत्या. माझं काय होतं? एका लग्नात साडूभाऊंनी मला मांडवाबाहेर नेलं. "राजे, तुम्ही त्यांच्या खोलीत बसता. खरं सांगा, तुम्हाला काय वाटते?" मागे चार नातेवाईक कान देऊन उभे होते. मी म्हणालो, "मी तर तिथं स्वेटरवर स्वेटर घालतो." चौघंही हसले. साडूभाऊही हसले, आणि खिशातून पेन्सिल काढून तळहातावर नळाचं चित्र काढू लागले.

सासूबाई गेल्या तेव्हा उन्हाळा लागला होता. साडूभाऊंनी सगळे रेडिएटर उतरवून त्याच कबाड्याकडे पाठवले. काळा तेवढा ठेवला. पुढच्या हिवाळ्यात गेलो, तर तो अंगणात विटांवर उभा, बंबाचा एक नळ त्याला जोडलेला, आणि साडूभाऊ हातात थर्मामीटर घेऊन समोर स्टुलावर. अक्का म्हणाली, "तुम्ही तरी सांगा ह्यांना." मी नुसता शेजारी बसलो. ज्यांच्याबरोबर हसलो त्या राहिल्या नव्हत्या, आणि त्यांच्या माघारी त्यांना खोटं कसं पाडायचं, असं मी स्वतःला बजावलं. फार सोयीचं कारण होतं.

"चूक सापडत नाही, राजे," ते म्हणाले. "एक हिवाळा तरी त्यांना ऊब मिळायला पाहिजे होती."

आता तेही नाहीत. त्यांची ती किल्ली अक्कानं मला दिली, ती माझ्या टेबलावर आहे. नाडीचा तुकडा अजून तसाच बांधलेला आहे.

चूक नव्हती, साडूभाऊ. खोली गरम होती. दही रोज लागत होतं.