व्हिएतनाममार्गे मांजरी

दीक्षा ओव्हाळ मॅडम राहतात मांजरीत आणि भूगोल शिकवतात कोथरूडच्या शाळेत. म्हणजे रोज सकाळी अख्खं पुणं ओलांडायचं, तेही स्कूटरवर! जी बाई हे दिव्य करून वर्गात हसत उभी राहते, तिला परदेशाची कसली आलीय भीती? तरी जानेवारीत गणिताच्या चैताली मॅडमबरोबर व्हिएतनामचं तिकीट निघालं, तेव्हा बाईंची झोपच उडाली. आजवर भिंतीवरच्या नकाशाला पट्टी टेकवून "हा बघा दक्षिण चीन समुद्र" म्हणत आल्या. आता त्याच समुद्रात स्वतःचे पाय बुडणार होते.

पण जीव अडकला होता क्षेत्रभेटीत. पोरांना पुस्तकातून उठवायचं आणि शेत, बाजार, नदी प्रत्यक्ष दाखवायची, ही क्षेत्रभेट उपमुख्याध्यापक लिमये सरांनी करोनात बंद केली ती केलीच. मॅडम दर वर्षी परवानगी मागायच्या, सर दर वर्षी चष्म्यावरून बघायचे. "अहो ओव्हाळ मॅडम, हल्ली सगळं मोबाइलवर दिसतं. पोरांना उन्हात कशाला तळायचं?" यंदा वर टोमणाही मारला. "आपण निघालाच आहात, तर तिथूनच वर्गाला समुद्र दाखवा. झाली क्षेत्रभेट!"

मॅडमही काही कमी नव्हत्या. "दाखवते. पण तुम्हीही वर्गात बसायचं. तेवढ्यानं पोरांचं समाधान झालं, तर पुन्हा क्षेत्रभेटीचं नाव काढणार नाही. नाही झालं, तर यंदा सही करायची."

"चालेल," सर म्हणाले.

बोलून बसल्या खऱ्या, पण नंतर हिशोब लक्षात आला. हरलो तर क्षेत्रभेट कायमची गेली.

घरी आई, विमलाबाई. बीडकडून ऊसतोडीला मांजरीत आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळेची पायरी त्या जन्मात चढल्या नव्हत्या. "तुझा वर्ग मला कवा दावतीस गं?" हे त्यांचं ठरलेलं. दाखवायची इच्छा लेकीलाही होती, पण आईचे गुडघे असे की कोथरूडपर्यंतचा प्रवास तर सोडाच, बसच्या पायऱ्याही त्यांना झेपत नव्हत्या. निघताना त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून दिली. "तिकडं काय मिळतंय, काय न्हाई," म्हणाल्या.

तर व्हिएतनाम! विमानाच्या खिडकीतून भाताची खाचरं दिसली, तेव्हा मॅडमनी शेजारच्या झोपलेल्या अनोळखी माणसालाही हलवून दाखवली. चैताली मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्गाला समुद्र दाखवायचा त्या सकाळी दोघी लवकरच निघाल्या. हॉटेलातल्या मुलीने सांगितलं होतं, बाहेरच्या रस्त्यावर बस मिळेल, थेट समुद्रावर नेईल. दोघी समुद्राच्या दिशेला तोंड करून रस्त्याच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. पुणेकर आणखी कुठे उभा राहणार? बस आली, खिडकी मिळाली, आनंदीआनंद! बऱ्याच वेळाने मॅडमची मान भाजायला लागली.

"अगं चैताली, ऊन मागून येतंय."

"मग?"

"मग काय मग! सकाळची वेळ, समुद्र पूर्वेला. सूर्य समोर नको का?"

तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावतात हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं, पण पायांना कोण सांगणार? भूगोलाच्या बाई समुद्राला पाठ करून निघाल्या होत्या. धडपडत उतरल्या तर चहूकडे शेतं, आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नववी ब, पुढच्या खुर्चीत लिमये सर.

"कुठाय समुद्र?" सरांनी विचारलं.

"चुकला, सर." मॅडमचा चेहरा पडला. पण शेजारचं शेत पाहिलं आणि त्यांना काय सुचलं कोण जाणे, फोन तिकडे वळवला. "बरं, हे काय आहे ते ओळखा!"

"बांबू!" "गवत!" वर्गात नुसता गलका. शेवटी लिमये सरच मदतीला धावले. "अरे, मका आहे तो. तिकडे उंच होतो."

चैताली मॅडमनी तोंडावर ओढणी दाबली. शेतात टोकदार टोपी घातलेली एक बाई तोडणी करत होती. तिने हसून एक कांडं पुढे केलं. मॅडमनी ते घेतलं आणि सवयीने दातांनी सालटं ओढलं, सर्र!

"ऊस!" वर्ग ओरडला. "मॅम, तुम्ही दातांनी सोलला? कुठे शिकलात?"

"घरी. माझी आई ऊस तोडायची. मी बांधावरच वाढले." हे वर्गात त्या कधी बोलल्या नव्हत्या. आज खणखणीत आवाजात बोलल्या आणि त्यांना फार बरं वाटलं.

"आम्हालाही सोलायचाय!" आमोद बाकावर चढला. मग सगळा वर्गच ओरडू लागला, "आम्हालाही! आम्हालाही!"

"सर," मॅडम म्हणाल्या, "मोबाइलवर दिसतं हो सगळं. तोंडात पडत नाही ना!"

लिमये सरांनी चष्मा पुसला. "या परत. सही करतो. आणि त्या मक्याचा विषय शिक्षकांच्या खोलीत काढायचा नाही."

फेब्रुवारीत शाळेची बस मांजरीला आली. खुद्द लिमये सर टोपी घालून पुढच्या सीटवर! घरामागच्या मळ्यात तोडणी चालली होती. मळेवाल्याला विचारून ठेवलेलं होतं. विमलाबाई नवं लुगडं नेसून सकाळपासून बांधावर बसल्या होत्या. पोरं उसात घुसली, कुणाचे ओठ कापले, कुणाच्या शर्टावर रस सांडला. चौथ्या प्रयत्नात सरांनी एक कांडं सोललं आणि ते सगळ्यांना दाखवत फिरले.

"ह्योच का गं तुझा वर्ग?" विमलाबाईंनी विचारलं.

"हाच, आई."

"लई वांड हाय!" म्हणाल्या आणि पोटभर हसल्या.

निघताना मॅडमनी बांधावरच हजेरी घेतली. एकेक नाव, एकेक चिकट हात वर. "प्रेझेंट, मॅम!" "प्रेझेंट!" शेवटचं नाव झालं, मॅडम हजेरी मिटणार, तोच मागून आवाज आला.

"हजर!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. विमलाबाईंनी हात वर केला होता आणि तो खाली घेत नव्हत्या. कुणी हसलं नाही.

"ओव्हाळ मॅडम," लिमये सर म्हणाले, "बघत काय बसलात? नाव लिहून घ्या."